विषाणू, यजमान आणि मीठ : एका परिभाषेची समीक्षा

साहित्याची समीक्षा करताना आपण लेखकाच्या शब्दकळेकडे बारकाईने पाहतो. त्याने 'मरण' लिहिले की 'निधन', 'घर' म्हटले की 'वास्तू', यावर पानेच्या पाने खर्ची घालतो. विज्ञानाच्या लेखनाला मात्र ही कसोटी आपण सहसा लावत नाही. तिथले शब्द पारदर्शक असतात, वस्तू जशी आहे तशी ते दाखवतात, असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखात मी हे गृहीतक एका लहानशा, पण माझ्या मते बोलक्या उदाहरणावर तपासणार आहे. अतिखारट तळ्यांत आणि मिठागरांत राहणारे सूक्ष्मजीव आणि त्यांच्यात वस्ती करणारे विषाणू, हे ते उदाहरण. गेल्या पन्नास वर्षांत या विषाणूंविषयी जे लिहिले गेले, त्यात शब्द पुढे धावला आणि वस्तू मागे राहिली, असे किमान तीनदा घडले. मराठीत तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण आपल्या शब्दात 'विष' थेट दिसते.

नाव आधी, ओळख नंतर

१९७४ साली नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातील टॉर्सविक आणि डुंडास या दोघांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. मिठात वाढणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाला लागण करणारा एक विषाणू त्यांना सापडला होता. त्यांनी त्याला 'बॅक्टेरिओफेज' म्हटले. ते योग्यच होते, कारण हॅलोबॅक्टेरियम हा जिवाणू आहे याबद्दल तेव्हा कोणालाच शंका नव्हती. पुढे तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून दाखवले, की दिसायला जिवाणूंसारख्या असलेल्या काही सूक्ष्मजीवांची वंशरेषा पूर्णपणे वेगळी आहे. आज त्यांना आपण आर्किया म्हणतो. मिठातले हे जीव त्याच गटातले निघाले. म्हणजे आर्कियाचा पहिला विषाणू सापडला तेव्हा आर्किया ही कल्पनाच जन्माला आली नव्हती.

नावे मात्र राहिली. हॅलोबॅक्टेरियम हा बॅक्टेरिया नाही, तरी त्याचे नाव तेच आहे. 'आर्किया' म्हणजे प्राचीन. पण आज जगणारा कोणताही जीव दुसऱ्यापेक्षा अधिक प्राचीन नसतो, सगळ्यांच्या वंशावळी सारख्याच लांब आहेत. आणि 'फेज' म्हणजे भक्षक. हा शब्द फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये रूढ केला. विषाणूला तोंड नाही, पोट नाही, पचन नाही. तो काहीही भक्षण करीत नाही. यजमान पेशीची यंत्रणा वापरून त्याच्या प्रती तयार होतात, एवढेच. तरीही 'जिवाणूभक्षक' हा मराठी प्रतिशब्द आपण पाठ्यपुस्तकांत मुकाट्याने वापरतो.

नावे चुकीची आहेत म्हणून ती बदला, असा माझा आग्रह नाही. भाषेत जुनी नावे राहतातच. 'सूर्य उगवला' म्हणणे कोपर्निकसनंतरही थांबलेले नाही. प्रश्न एवढाच आहे, की नावाच्या पोटातले क्रियापद आपण निरीक्षण म्हणून वाचतो का.

मीठ काय करते

पुढच्या विवेचनासाठी यजमानाची थोडी ओळख आवश्यक आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. मिठागरात पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवत आटवत नेले, की शेवटच्या, मीठ बसणाऱ्या कप्प्यात हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास जाते. आपली लोणची, खारवलेले मासे टिकतात ते याच कारणाने: मीठ पेशीतले पाणी ओढून घेते आणि बहुतेक सूक्ष्मजीव तिथे वाढू शकत नाहीत. मीठप्रेमी आर्कियांनी यावर सरळ उपाय योजला आहे. बाहेर सोडियमचे क्षार आहेत, तर ते पेशीच्या आत पोटॅशियमचे क्षार तितक्याच प्रमाणात साठवतात. त्यांची प्रथिने अशा पाण्यातच घडी धरून राहतात. त्यामुळे मीठ ही त्यांची नुसती सवय उरत नाही, त्यांचा आधार होते. यांतल्या अनेकांना गोड्या पाण्यात टाकले तर त्या पेशी फुटून जातात. त्यांच्या आवरणात तांबूस रंगद्रव्ये असतात. पाणी आटत आलेली मिठागरे गुलाबी-लालसर दिसतात त्याचे श्रेय मुख्यतः यांना. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात मिठागरे आहेत. त्यांतली लाली अनेकांनी पाहिलेली असेल, पण तिला जीव म्हणून पाहिलेले फार थोडे.

खारवलेल्या मासळीशी तर या विषयाचा जुना संबंध आहे. खारवलेल्या माशावर पडणारी लाली हा मासळी व्यापाऱ्यांच्या डोकेदुखीचा विषय होता, आणि या जीवांच्या अभ्यासाला चालना मिळाली ती त्यातूनच. १९८२ साली या जीवांचे दोन विषाणू वेगळे काढण्यात आले, ते आंबवलेल्या मासळीच्या सॉसमधून. ज्याला आपण 'टिकवलेले' म्हणजे जीवजंतूंपासून सुरक्षित ठेवलेले अन्न म्हणतो, त्यात सूक्ष्मजीव तर होतेच, त्या सूक्ष्मजीवांचे विषाणूही होते.

शत्रू की पोटभाडेकरू?

आता मुख्य मुद्दा. बर्गनच्या त्या विषाणूचा पुढचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले ते असे: पाण्यात मीठ तुलनेने कमी असताना विषाणूची लागण झाली, की पेशी फुटतात आणि नवे विषाणू बाहेर पडतात. मीठ भरपूर असताना मात्र लागण झालेल्या बऱ्याच पेशी मरत नाहीत. विषाणू आत असतो, पेशी वाढत राहते, दोघांचा संसार चालू राहतो. विषाणू तोच, यजमान तोच, बदलले ते फक्त पाणी.

जमैकातील संशोधक डॅनियल्स आणि वेस यांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेबाहेरच्या तळ्यांच्या संदर्भात मांडली. तिथली किनाऱ्यालगतची खारट डबकी उन्हात आटतात आणि पावसात पातळ होतात. मीठ संपृक्त असते तेव्हा यजमान जोमात असतो आणि विषाणूची वाढ मंदावलेली असते. पाऊस पडतो, मीठ उतरते, यजमानाचे दिवस फिरतात आणि नेमका तेव्हाच विषाणू उचल खातो. उत्क्रांतीच्या हिशेबाने यात विसंगती नाही. घर टिकणार असेल तोवर मोडण्यात लाभ नाही. ते पडायला आले तर आतून निघून पुढच्या यजमानाची वाट पाहणे परवडते.

मराठी वाचकाला इथे 'खाल्ल्या मिठाला जागणे' आठवेल. मीठ आहे तोवर इमान आहे, मीठ संपले की इमान संपले. उपमा मोहक आहे, आणि म्हणूनच ती तपासली पाहिजे. विषाणू इमान राखत नाही आणि मोडतही नाही. क्षारांचे प्रमाण बदलले, की त्याचे पेशीला चिकटणे आणि पेशीच्या आत त्याच्या प्रती तयार होण्याचा वेग, दोन्ही बदलतात. एवढे यांत्रिक सत्य त्यामागे आहे. पण ही उपमा 'हल्लेखोर शत्रू' या उपमेपेक्षा एका बाबतीत नक्कीच उजवी ठरते: ती परिस्थितीला वाक्यात जागा देते. 'शत्रू' हा शब्द स्वभाव सांगतो, 'मिठाला जागणारा' हा शब्दप्रयोग अट सांगतो. निरीक्षणात अट होती. स्वभाव शब्दातून आला.

इथे आपल्या परिभाषेतली एक गंमत नोंदवायला हवी. ज्या पेशीत विषाणू राहतो तिला मराठीत आपण 'यजमान' म्हणतो. यजमान म्हणजे ज्याच्या घरी कार्य आहे तो, ज्याच्याकडे पाहुणे येतात तो. म्हणजे एकाच वाक्यात आपण 'यजमानावर विषाणूचा हल्ला' असे लिहितो. अर्धे वाक्य पंगतीतले आणि अर्धे रणांगणावरचे. ही विसंगती आपल्या कानांना खटकत नाही, याचे कारण दोन्ही शब्द आपण इंग्रजीच्या जागी बसवलेले आहेत, ऐकलेले नाहीत. ऐकले असते, तर 'यजमान' या शब्दानेच विचारले असते, की हा पाहुणा किती दिवस राहतो, काय खातो, जाताना घर मोडतो की नाही. खारट तळ्यांतल्या संशोधनाने नेमके हेच प्रश्न विचारले.

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर २००९ साली आले. इटलीतील त्रापानीच्या मिठागरातून मिळालेला एक विषाणू फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने अभ्यासला. त्याला ठरावीक आकार नाही, यजमानाच्याच चरबीचे पातळ वेष्टन पांघरून तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडताना पेशी फोडत नाही. पेशीची वाढ जरा मंदावते, बस्स. ज्यांना 'भक्षक' म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांच्यातला हा एक.

मोजणी आणि तिचा अर्थ

दुसरे रूपक 'शिकारी' हे. इथे शास्त्रज्ञांची बाजू भक्कम आहे, म्हणून काळजीने वाचले पाहिजे.

मृत समुद्राचे नावच निकाल देऊन टाकते. अरबीत आणि युरोपीय भाषांत तो मृत आहे; हिब्रूत मात्र तो 'मिठाचा समुद्र' आहे, म्हणजे तिथे वस्तूचे वर्णन आहे, निवाडा नाही. १९३६ साली बेंजामिन एलाझारी-व्होल्कानी यांनी त्याच्या पाण्यात सूक्ष्मजीव राहतात हे दाखवून दिले. पुढे १९९१-९२ च्या हिवाळ्यात जोरदार पाऊस होऊन वरचे पाणी पातळ झाले, शेवाळ फोफावले, पाठोपाठ आर्किया वाढले आणि 'मृत' समुद्र तांबूस झाला. या बहराच्या ओसरत्या काळात अहरोन ओरेन आणि त्यांच्या नॉर्वेतील सहकाऱ्यांनी पाण्याची तपासणी केली, तेव्हा मिलिलीटरमागे विषाणूसदृश कणांची संख्या कोटीच्या घरात निघाली.

स्पेनच्या किनाऱ्यावरील मिठागरांत १९९६ साली झालेला अभ्यास याहून शिस्तबद्ध होता. मिठागराचे कप्पे म्हणजे खारेपणाची तयार शिडीच. प्रत्येक पायरीवर संशोधकांनी मोजणी केली. दिसले असे, की सूक्ष्मजीवांना गिळणारे एकपेशीय प्राणी मीठ २५ टक्क्यांच्या पुढे गेले की नाहीसे होतात. विषाणू मात्र शेवटपर्यंत असतात, आणि प्रत्येक पेशीमागे साधारण दहा या प्रमाणात. शेवटच्या कप्प्यातल्या चौकोनी पेशींच्या पोटात लिंबाच्या आकाराचे विषाणू भरलेलेही दिसले. (होय, चौकोनी. टपाल तिकिटासारखा चपटा हा जीव अँथनी वॉल्सबी यांनी १९८० मध्ये सिनाईतील एका खारट डबक्यातून जगापुढे आणला. प्रयोगशाळेत तो वाढवता यायला २००४ उजाडले.)

यावरून लोकप्रिय लेखनात एक सुटसुटीत वाक्य तयार झाले: 'अतिखारट पाण्यात विषाणू हेच एकमेव शिकारी.' वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे: गिळणारे दुसरे कोणी तिथे नाही. पण त्याच अभ्यासात पुढे असे आहे, की विषाणूंमुळे मरणाऱ्या पेशींचे प्रमाण अल्प होते. विषाणू भरपूर असूनही ते यजमानांच्या संख्येवर फारसा अंकुश ठेवत नव्हते. संख्या म्हणजे सामर्थ्य नव्हे. गावात दहा घरांमागे शंभर पाहुणे दिसले म्हणून गाव लुटले गेले असे होत नाही. कदाचित पाहुण्यांना जायला जागा नसेल. मिठात विषाणूकण दीर्घकाळ टिकू शकतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. 'शिकारी' हा शब्द स्वीकारला, की मोजलेला प्रत्येक कण आपल्याला दात असलेला दिसू लागतो. उरलेले अर्धे निष्कर्ष मग वाचायचे राहून जातात.

नातीगोती

शत्रू आणि शिकारी या दोन्ही रूपकांत तिसरी शक्यता बसतच नाही: नाते. ऑस्ट्रेलियातील रॉटनेस्ट बेटावरच्या सर्पंटाइन तलावातून माइक डायल-स्मिथ यांच्या गटाने 'एसएच-१' नावाचा विषाणू मिळवला. वीस फलकांचे कवच आणि कवचाच्या आत चरबीचे आवरण, अशी त्याची घडण. ही घडण जिवाणूंच्या एका विषाणूशी जुळते. आणि त्या जिवाणू-विषाणूच्या कवचाचे प्रथिन माणसाला सर्दी-खोकला देणाऱ्या अ‍ॅडिनोविषाणूच्या प्रथिनासारखी घडी घालते, हे १९९९ मध्येच दिसले होते. एसएच-१चे नाते यात थोडे दूरचे आहे, पण आहे. जनुकांच्या अक्षरांतले साम्य पुसून गेले, घडीतले साम्य उरले. शब्द विसरले जावेत आणि ओवीची चाल टिकावी, तसे. यजमानांच्या तीन जगांत, म्हणजे जिवाणू, आर्किया आणि आपण, वाटल्या गेलेल्या विषाणूंचे एखादे कुळ ही जगे वेगळी होण्याइतके जुने असावे, हा विचार यातून पुढे आला.

२०१२ मध्ये जगातल्या नऊ दूरदूरच्या अतिखारट ठिकाणांचे नमुने तपासले गेले. एका देशातल्या मिठागराचा विषाणू दुसऱ्या खंडातल्या यजमानात सुखाने वाढतो, असे त्यात वारंवार आढळले. मिठाची ही तळी म्हणजे जमिनीने वेढलेली बेटे. तरी त्यांची वस्ती एकाच भावकीतली.

मग 'विषाणू' म्हणजे नेमके कोण, याचीही सीमा धूसर होते. २०१७ साली अंटार्क्टिकातील खारट सरोवरातल्या आर्कियात एक प्लाझमिड सापडला. प्लाझमिड म्हणजे पेशीत मुख्य जनुकसंचाबाहेर राहणारे डीएनएचे कडे. हा प्लाझमिड स्वतःच्या जनुकांतून प्रथिने बनवून पेशीच्या पटलाचे बुडबुडे तयार करवतो, त्यांत बसून बाहेर पडतो आणि ज्या पेशींत तो नाही त्यांत शिरतो. वागणे विषाणूचे, पण कवच नाही. त्याला विषाणूचा पूर्वज म्हणावे की नक्कल, हा वाद आहे. पण 'विष' या शब्दाने त्या वादात काहीच मदत होत नाही.

नोंदवही की शस्त्र?

या क्षेत्राची सर्वांत प्रसिद्ध कथा फ्रान्सिस्को मोहिका यांची. अ‍ॅलिकांटेजवळच्या सांता पोला मिठागरांतील हॅलोफेरॅक्स या आर्कियावर ते पीएच.डी.चे काम करत होते. त्याच्या डीएनएत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी अक्षरमाला त्यांना दिसली. १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या रचनेला पुढे 'क्रिस्पर' हे नाव मिळाले. पुनरावृत्तीच्या मधले तुकडे म्हणजे पूर्वी येऊन गेलेल्या विषाणूंच्या आणि प्लाझमिडच्या खुणा आहेत, हे त्यांनी २००५ मध्ये मांडले. त्याआधी तो निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता.

ही कथा आता 'मिठागरातून नोबेलपर्यंत' अशा वीरगाथेच्या चालीवर सांगितली जाते. वीरगाथेला एक नायक आणि एक जागा लागते. वास्तवात अशी नक्षी १९८७ मध्येच जपानमध्ये इशिनो यांच्या गटाला ई. कोलाय या जिवाणूत दिसली होती. मोहिकांच्या कोड्याची किल्लीही मिठातल्या जीवात मिळाली नाही, ती ई. कोलायच्या एका विषाणूत मिळाली. त्याच वर्षी आणखी दोन गट त्याच निष्कर्षाला पोचले. प्रयोगाने सिद्धता झाली २००७ मध्ये, दह्याच्या विरजणातल्या जिवाणूवर. २०२० चे नोबेल शार्पेंतिए आणि डाउडना यांना मिळाले, ते जनुके कापण्याचे साधन घडवल्याबद्दल. मिठागराचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. ते कुतूहलाची सुरुवात म्हणून आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. क्रिस्परला आपण 'शस्त्र', 'कात्री', 'संरक्षणफळी' म्हणतो. मोहिकांनी वाचली ती मात्र आधी एक नोंदवही होती: कोण आले होते, त्याची आठवण. वहीत विषाणू होते तसे प्लाझमिडही होते. कात्री खरी आहेच. पण ती चालते ती नोंद वाचून. स्मृती आधी, शस्त्र नंतर, हा क्रम लोकप्रिय मराठी मांडणीत उलटा होतो.

लोणारच्या निमित्ताने

हा सगळा खल आपल्या दारात कसा येतो? जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले, की हा रंग मीठप्रेमी आर्कियांचा आहे. पाणी घटल्याने खारेपणा वाढला होता. पावसाळ्यात पाणी पातळ झाले आणि रंग गेला. याच महिन्यांत आपल्या वर्तमानपत्रांत रोज 'करोना योद्धे' लढत होते. विषाणू या शब्दाचा एकच अर्थ त्या वर्षी शिल्लक राहिला होता, आणि तो ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांच्यासाठी खराच होता. त्या दुःखाला मी उपमेचा दोष म्हणणार नाही.

पण त्याच शब्दाने आपण लोणारकडे पाहू लागलो, तर काय दिसेल? लोणारचे पाणी नुसते खारट नाही, सोड्याचे आहे. म्हणून सांता पोलाचे किंवा मृत समुद्राचे निष्कर्ष तिथे उचलून ठेवता येणार नाहीत. जवळची तुलना केनियातील मगाडी या सोडा-सरोवराची. तिथल्या एका आर्कियाचा विषाणू व्हिएन्नातील गटाने १९९७ मध्ये वर्णिला. तो यजमानाच्या जनुकसंचातच गुपचूप राहू शकतो आणि कधीतरी बाहेर पडतो. लोणारात असे कोणी राहते का, पाऊस पडून गुलाबी रंग ओसरतो त्यात त्याचा वाटा किती, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. 'सरोवरात विषाणू' असा मथळा उद्या छापून आला, तर घाबरून पाणी शुद्ध करण्याची मागणी करणारा समाज हे प्रश्न विचारू शकणार नाही.

'विषाणू' हा शब्द टाकून नवा घडवावा, असे मी सुचवत नाही. लॅटिनमधल्या 'व्हायरस'चा अर्थही विषच. दोष आपल्या भाषांतरकारांचा नाही, त्यांनी इमानाने अनुवाद केला. मी मागतो आहे ती क्रियापदांची शिस्त. विषाणू पेशीत शिरतो, राहतो, वाढतो, पेशी फोडतो किंवा न फोडता निघतो: यांतले जे दिसले असेल ते लिहावे, आणि ते कोणत्या पाण्यात दिसले तेही लिहावे. 'हल्ला' लिहायचाच असेल, तर यजमान खरोखर मेला का हे आधी पाहावे. कवितेच्या समीक्षकाला आपण विचारतो, की ही प्रतिमा ओळीतून आली की तुमच्या मनातून. विज्ञान लिहिणाऱ्या मराठी लेखकालाही हाच प्रश्न विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे, आणि तो त्याने वापरावा.